माप घेताना कुजबुजत विचारलेले प्रश्न

टेपवाली
रविवार, रात्री १०:५०

मी ब्लाऊज शिवते. सांगलीत विश्रामबागेत घराच्याच पुढच्या खोलीत मशीन, एक आरसा आणि एक पडदा. गेल्या दीड वर्षात पडद्याआड येणाऱ्या बायका वाढल्यात, ब्लाऊज मात्र तेवढेच आहेत. कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढलाय हे गल्लीत सगळ्यांना कळलंय, त्याचा हा परिणाम. आधी "गळा लई खोल नको" होतं, मी टेप पाठीमागून फिरवते, आणि मग आवाज एकदम खाली येतो, "वैनी, तुम्हाला पयल्यांदा कसं कळलं ओ?"

तेच तेच प्रश्न पन्नास वेळा ऐकले, म्हणून इथे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, बारावी झालेली शिंपीण आहे. पण मिरजेत डॉक्टरांचं डोकं खाऊन जेवढं समजून घेतलं ते पक्कं आहे.

सगळ्यात पहिला प्रश्न : "दुखत तर नाही, मग कशाला जायचं?" याच वाक्याने माझे चार महिने खाल्ले. अंघोळीला साबण लावताना काखेकडच्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागलं. बोटाखाली सरकत नव्हतं. दुखत असतं तर दुसऱ्या दिवशी गेले असते. दुखेना, म्हणून लेकीची बारावी होऊ दे म्हटलं, मग लग्नसराईचे ब्लाऊज आले, मग नणंदेकडची वास्तुशांत. मिरजेला गेले तेव्हा हरभऱ्याची सुपारी झाली होती. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन ठणकतात ते बहुधा हार्मोन्सचं असतं, पाळी आली की ओसरतं. आपण नेमकं उलटं धरून बसतो, दुखलं की घाबरतो आणि नाही दुखलं की निवांत.

दुसरं, "माझी एक बाजू मोठी आहे, काय झालं असेल?" पंधरा वर्षं टेप धरलेली बाई सांगतेय, दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई मी अजून बघितली नाही. कटोरी ब्लाऊज शिवताना आम्ही गुपचूप एका बाजूचा टक्स कमीजास्त करतो, तुम्हाला सांगत नाही एवढंच. पण आधीपासून तसं असणं वेगळं आणि या चार-सहा महिन्यांत बदलणं वेगळं. गेल्या दिवाळीला बसलेला ब्लाऊज एकाच बाजूने ओढायला लागला, कातडीला खळगा पडला, संत्र्याच्या सालीसारखी बारीक भोकं दिसायला लागली, बोंड नव्यानेच आत गेलं, त्यातून रक्ताळ पाणी आलं, बोंडावर खपली धरली आणि मलमाने जाईना, काखेत गाठ लागली, यातलं काहीही दिसलं तर माझ्याकडे न येता डॉक्टरकडे जा. मी फार तर टक्स बदलून देईन.

तिसरा प्रश्न ब्रा घट्ट असली, काळी असली, रात्री घालून झोपलं तर कर्करोग होतो का. नाही. डिओडरंटनेही नाही. घट्ट ब्राने खांद्यावर वळ उठतात, घामोळं येतं, तेवढंच. (यावर माझं पोट आहे म्हणून सांगत नाही, ब्रा मी शिवत नाही.)

बाकीचं तुम्ही विचारा. नाव बदलून विचारा, काही बिघडत नाही.

कऱ्हाडची_लेक
रविवार, रात्री ११:३२

टेपवाली ताई, देवानेच धागा काढायला लावला बघा. माझा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, रिपोर्ट शुक्रवारी आला. त्यावर 'बायरॅड्स ४' लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज का? आमच्या ह्यांनी नेटवर बघितलं आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांची वेळ बुधवारची आहे.

सिस्टर_मिरज
सोमवार, सकाळी ६:१५

कऱ्हाडची लेक, आधी चहा घे आणि मग वाच. बायरॅड्स म्हणजे स्टेज नव्हे. मॅमोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरने संशय किती वाटतो त्याला दिलेला आकडा आहे तो, ० ते ६. शून्य म्हणजे चित्र अपुरं, अजून तपासणी करा. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधं, सहा महिन्यांनी परत दाखवा. ४ म्हणजे नुसतं बघून सांगता येत नाही, तुकडा तपासा. ४ आलेल्या कितीतरी गाठी साध्या निघतात. ५ असेल तर शक्यता दाट. आणि ६ तर कर्करोग आधीच सिद्ध झालेल्या बाईच्या रिपोर्टवर लिहितात.

स्टेज ठरते नंतर, आणि तीही कर्करोग निघालाच तर. गाठ केवढी, काखेतल्या ग्रंथींपर्यंत गेली का, शरीरात आणखी कुठे आहे का, यावरून. असाच घोळ 'ग्रेड' या शब्दाचा. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नाही. पेशी किती बिघडलेल्या दिसतात आणि किती वेगाने वाढतात ते ग्रेडमध्ये सांगतात. पहिल्या स्टेजलाही ग्रेड ३ असू शकतो. तीस वर्षं वॉर्डात काढली, या आकड्यांनी रडवलेल्या बायका मी रोगाने रडलेल्यांइतक्याच पाहिल्यात. रिपोर्ट देताना दोन वाक्यं सांगायला कुणाचं काय जातं, देव जाणे.

ह्यांना बाहेरून आत बोलव आणि हे वाचून दाखव.

द्राक्षबाग
सोमवार, दुपारी १:०४

पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. तासगाव तालुक्यात बाग आहे. बायकोला गाठ आहे हे मला तिने नाही, मेव्हणीने सांगितलं. विचारलं तर म्हणाली, "छाटणी होऊ द्या, मग बघू." तुम्ही लोक तो स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा गुलाबी ऑक्टोबर पाळता, आमची फळछाटणीही ऑक्टोबरातच. मजूर मिळत नाहीत, ती नसली तर स्वयंपाक कोण करणार हा तिचा हिशोब. आणि मुख्य म्हणजे सुई टोचली की पसरतो असं तिच्या आत्याने डोक्यात घातलंय. काय सांगू तिला?

टेपवाली
सोमवार, दुपारी ३:२०

दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

सुईने पसरत नाही. ट्रूकट बायोप्सी म्हणतात तिला. जागा बधिर करतात, जाड सुईने शेवयांसारखे तीन-चार बारीक तुकडे काढतात, खटका मारल्यासारखा आवाज येतो. मी त्या आवाजानेच दचकले, दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं होतं, तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले. आत्यांना असं का वाटतं तेही सांगते. पूर्वी बायका फार उशिरा जायच्या, सुई टोचायच्या आधीच रोग पसरलेला असायचा, आणि नाव सुईवर यायचं.

सुईला घाबरून लोक याहून वाईट करतात. माझ्या एका गिऱ्हाईक ताईंची गाठ एका छोट्या दवाखान्यात "साधीच दिसतेय" म्हणून थेट काढून टाकली आणि तपासायलाच पाठवली नाही. आठ महिन्यांनी तिथेच पुन्हा आली. आता पहिली काय होती ते कुणालाच सांगता येईना. शरीरातून काढलेली गाठ तपासायला जायलाच हवी, एवढं विचारायचा हक्क तुमचा आहे.

तुकड्यावरून नुसतं हो-नाही कळत नाही. ईआर, पीआर (गाठ हार्मोन्सवर पोसतेय का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) अशा तीन गोष्टी बघतात. माझा ईआर पॉझिटिव्ह निघाला म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची (हार्मोन अडवणारी) एक गोळी, निदान पाच वर्षं. हर-टू पॉझिटिव्हला वेगळं इंजेक्शन असतं, साधारण वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असेल तर केमोवर भिस्त जास्त. म्हणून शेजारणीला दिलेलं औषध तुम्हाला का दिलं नाही, असं विचारत बसू नका. दोघींना एकाच नावाचा पण वेगळा रोग असतो.

छाटणीचं म्हणाल तर आठ दिवस बाहेरून डबा लावा. आणि तिच्यासोबत जा, पण आत गेल्यावर तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. आमच्या ह्यांनी पहिल्या भेटीत सगळी उत्तरं दिली, मी नुसती मुंडी हलवत होते. बाहेर आल्यावर आठवलं की काखेतल्या गाठीचं सांगायचंच राहिलं, ती त्यांना माहीतच नव्हती.

बंडू_चिकित्सक
सोमवार, रात्री ९:४७

सगळं ठीक, पण मॅमोग्राफी वगैरे मशीनवाल्यांचा धंदा आहे. परदेशातसुद्धा यावर वाद आहेत. किरणं मारून घ्यायची आणि नसलेला रोग शोधायचा. जत-आटपाडीच्या बाईने काय करायचं, मशीन कुठाय तिथे?

सिस्टर_मिरज
मंगळवार, सकाळी ६:४०

बंडूभाऊ, वाद आहे हे खरं. पण तो कसला आहे ते बघा. काहीही त्रास नसलेल्या बायकांची सरसकट मॅमोग्राफी कितव्या वर्षापासून, किती वर्षांनी करावी, त्यातून उगाच किती जणींवर उपचार होतात, हा तो वाद. जिच्या हाताला गाठ लागलीय तिच्या तपासणीबद्दल वाद नाही. आणि किरणं अगदी थोडी असतात. तरुण पोरींचे स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून त्यांची आधी सोनोग्राफी करतात.

मशीन नाही त्या बाईचं काय, हा प्रश्न मात्र चांगला विचारलात. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी नुसत्या हाताने तपासले. डॉक्टर नाहीत, मशीन नाही. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात छापून आला. तपासलेल्या बायकांमध्ये रोग लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही मला पकडाल.

तीस वर्षांवरच्या बाईची ही हाताची तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात चौकशी करा. मिरजेत वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना उघडला, तेव्हापासून जत-आटपाडीची माणसं गाड्या करून इकडे येतातच आहेत. एक फेरी स्वतःसाठी करायला हरकत नाही.

अवांतर : महिन्याच्या अमुक तारखेला आरशासमोर उभं राहून परीक्षा दिल्यासारखी तपासणी करायची गरज नाही. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, अंघोळीत, साबणाच्या हाताने. आपलं आपल्याला ओळखीचं असावं, म्हणजे अनोळखी काही आलं की कळतं.

पेवातली_हळद
मंगळवार, दुपारी १२:१०

आता हळदीवर कुणीतरी येणारच, म्हणून मीच येतो. मार्केट यार्डात आमची तीन पिढ्यांची हळदीची अडत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटलेत आम्ही. हळदीने कर्करोग जात असता तर यार्डातल्या हमालाला, पॉलिशच्या ड्रमवरच्या बाईला आणि आमच्या घरात कुणालाच झाला नसता. नखापासून नाकापर्यंत पिवळे असतो आम्ही. आईला झालाच.

आईला एकाने काढा दिला, "केमो घेऊ नका, तीन महिन्यांत विरघळेल." ती तयार झाली, कारण त्यात केस जात नव्हते. साडेपाच महिने गेले. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करायला मग केमो घ्यावीच लागली. हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर परिणाम होतो, ते खरं आहे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. भाजीत घाला, दुधात घाला, आमचा धंदा चालू दे. केमो चालू असताना कॅप्सूल घ्यायच्या असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, काही औषधांशी जमत नाही.

कृष्णाकाठ
मंगळवार, दुपारी २:५५

ताई, मला हा झाल्याचं सासरी फक्त नवऱ्याला माहीत आहे. बाकी सगळ्यांना "गर्भाशयाचं ऑपरेशन" सांगितलंय. दोन मुली आहेत, मोठीचं बघणं चालू आहे. सासूबाईंना कळलं तर आधी माझ्या पोरींची पत्रिका फाडतील. खरंच मुलींना होतो का?

टेपवाली
मंगळवार, रात्री ११:१५

कृष्णाकाठ, हा प्रश्न पडद्याआडसुद्धा फक्त दोघींनी विचारला, आणि दोघी रडल्या.

हा रोग झालेल्या दर शंभर बायकांपैकी पाच ते दहा जणींचाच कर्करोग आईवडिलांकडून आलेल्या बिघडलेल्या जनुकामुळे असतो. बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो, माझ्याही नव्हता. तुम्हाला फार कमी वयात झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, आई-मावशी-आत्या-बहिणीत कुणाला स्तनाचा किंवा बीजांडाचा असेल, किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा असेल, तर बीआरसीए जनुकाच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. हो, पुरुषांनाही होतो, क्वचित. आणि हा दोष बापाकडूनही येतो. 'आईला झाला म्हणजे लेकीला होणार' म्हणणारी सासू स्वतःच्या लेकाचा विचार कधी करत नाही.

मी माझ्या लेकीला सगळं सांगितलं. बारावी झालेली पोर. तिने पहिला प्रश्न विचारला, "मग आत्या-मावशीला सांगितलंस का?" मी नव्हतं सांगितलं.

सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण दोन्ही मुलींना कधीतरी माहीत असू दे. पुढे डॉक्टरने "घरात कुणाला होता का" विचारल्यावर त्या "नाही" म्हणाल्या तर त्यांचंच नुकसान आहे.

कृष्णाकाठ
बुधवार, पहाटे ५:५०

वाचलं. अजून दोन-चार लहान लहान विचारू का? भांडी वेगळी ठेवावी लागतात का? रेडिएशन चालू आहे, भाचीचं बाळ मांडीवर घेऊ का? आणि हात सुजतोय, तो शिवणाच्या मापाने कळतो म्हणालात असं शेजारीण म्हणाली.

टेपवाली
बुधवार, दुपारी १:४०

भांडी एकत्र. हा रोग खोकल्याने, ताटाने, मिठीने, नवऱ्याने, कशाने लागत नाही. बाळ घ्या मांडीवर, मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही राहत नाही. फक्त पेट स्कॅन किंवा बोन स्कॅनला आधी शिरेतून औषध देतात, त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहा.

हाताची गोष्ट खरी आहे. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातलं पाणी निचरायला अडू शकतं. मी स्वतःचा ब्लाऊज शिवला, दोन्ही बाह्या एकाच मापाच्या, आणि डावी चढेना. वाटलं कापड आटलं. टेप लावली तर डावा दंड उजव्यापेक्षा दीड इंच जास्त. डॉक्टरांना नुसत्या डोळ्याने कळलं नव्हतं. आता दर पहिल्या तारखेला कोपराच्या वर चार बोटांवर टेप लावून वहीत लिहिते. घट्ट बाही घालतात तशी दाबाची बाही मिळते, व्यायाम आहेत, फिजिओथेरपीवाले मालीश शिकवतात. लवकर धरलं तर आटोक्यात राहतं. त्या हाताला जखम, भाजणं, सुई टाळायची. आता माझा धंदाच सुईचा! म्हणून आजीचं पितळी अंगुस्तान शोधून काढलं, चाळीस वर्षं गंजिफ्याच्या डब्यात पडलं होतं.

जिचा काढलाय तिच्यासाठी आणखी एक. रिकाम्या बाजूला नुसता कापूस भरू नका. तो हलका, ब्रा वर चढते, आपण नकळत खांदा तिरका धरतो आणि मान धरते. मी मऊ सुती कापडाची वाटी शिवून आत मोहरी घालते, दुसऱ्या बाजूचं वजन येईपर्यंत. मोहरीची पिशवी वेगळी आणि वरची खोळ वेगळी, म्हणजे खोळ धुता येते. पहिल्यांदा एकातच शिवलं होतं, पावसाळ्यात भिजून कोंब आले.

कऱ्हाडची_लेक
शनिवार, सायंकाळी ७:०५

बुधवारी बायोप्सी, आज रिपोर्ट. फायब्रोअ‍ॅडिनोमा. साधी गाठ!! सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. हे खुशीत भडंग घेऊन आलेत, गाडी करून सांगलीवरून.

द्राक्षबाग
शनिवार, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. आमचीही झाली, गुरुवारी. आमची तशी नाही निघाली. काखेतही एक आहे. डॉक्टर म्हणतात पूर्ण काढायची गरज पडणार नाही बहुतेक, गाठ आणि कडेचा भाग काढून पुढे रेडिएशन. ती म्हणते पूर्णच काढून टाका, कटकट नको. आणि खर्चाचं कसं करायचं?

टेपवाली
शनिवार, रात्री १०:२०

दादा, वाईट वाटलं. पण छाटणी होईपर्यंत थांबला नाहीत, ते बरं केलंत.

पूर्ण काढलं म्हणजे जास्त जगतो असं नाही. गाठ काढून रेडिएशन आणि पूर्ण काढणं, दोन्हीकडच्या बायकांना इटली-अमेरिकेत वीस-वीस वर्षं बघितलंय, जगण्यात फरक आला नाही. माझी गाठ जागेच्या मानाने मोठी होती म्हणून पूर्ण काढली, नाहीतर नसती काढली. तिला सांगा, दोन दिवस थांबून ठरव.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेत असलेल्याच दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. रेशनकार्ड आणि दोघांची आधार घेऊन उपचार सुरू व्हायच्या *आधी* त्याला गाठा, आधी पैसे भरले की अवघड होतं. कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स ठेवा.

केमो लागली तर लाल औषधाने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस जातात, लघवीही दिवसभर लाल येते, घाबरू नका. केस परत येतात. माझे कुरळे आलेत, जन्मात नव्हते.

ऑपरेशननंतर हात वर जात नाही, डोक्यातून घालायचे कपडे काही उपयोगाचे नाहीत. पुढून हुकाचे, मुंढा सैल असलेले तीन ब्लाऊज लागतील. तिचं माप पाठवा किंवा मिरजेला जाताना घेऊन या. मंगळवारी मी दुपारी तीनपर्यंत घरी आहे.